आधी सुई, मग सागवान: जुन्या रेकॉर्ड प्लेअरविषयी वाचकांचे प्रश्न

जुने रेकॉर्ड प्लेअर पुन्हा वाजते करण्याविषयीची पत्रे गेले काही महिने साठत होती. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे आखडती घेतली आहेत, त्याबद्दल पत्रलेखकांनी राग मानू नये.

प्रश्न : माझे काका १९७४ मध्ये इंग्लंडहून परतताना गॅरार्ड कंपनीचा एसपी २५ हा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले होते. तो पंचवीस वर्षे माळ्यावर पडून होता. आता लावून पाहिला, तर प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) फिरते पण वेग कमी वाटतो, रेकॉर्ड संपल्यावर आपोआप परतणारा आर्म (सुई धरणारा दांडा) मध्येच अडकतो आणि आवाज चिरका येतो. यासाठी दहा हजार रुपये बाजूला काढले आहेत. ओळखीचे सुतार सागवानाची नवी बैठक करून देतो म्हणतात. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सागवानाचा मोह तूर्त आवरावा. नव्या बैठकीने प्लेअर देखणा होईल, परंतु आपल्या तीन तक्रारींपैकी एकीचेही मूळ बैठकीत नाही. पहिल्या दोन तक्रारी वाळलेल्या वंगणाच्या आहेत आणि तिसरी सुईची आहे. या तिन्हींचे निवारण झाल्यावर पैसे उरले, तर सुतारांना अवश्य बोलवावे.

काकांनी हा प्लेअर इंग्लंडहून आणला, हे एका अर्थी आपले नशीबच आहे. तेथील वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची असल्यामुळे मोटरच्या मूळ वेगाचा प्रश्न उद्भवत नाही. या प्लेअरमध्ये पट्टा नसतो. मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची एक लहान पुली असते, तिला रबरी कडेचे एक चाक टेकते आणि तेच चाक प्लॅटरच्या आतल्या कडेला टेकून ते फिरवते. त्याला आयडलर चाक म्हणतात. मोटर जड झाली, रबर कडक झाले किंवा या तीन पृष्ठभागांपैकी कोठेही तेलाचा ओशटपणा आला, की वेग घसरतो.

प्लग काढून ठेवून मगच कामाला लागावे. प्लॅटरवरची रबरी चटई उचलली की मध्यभागी एक लहान क्लिप दिसेल. ती हलक्या हाताने काढून प्लॅटर सरळ वर उचलावे. आयडलर चाकाची रबरी कड, पुली आणि प्लॅटरची आतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसावी. कापड काळे व्हायचे थांबेपर्यंत पुसत राहावे. रबराला पेट्रोल किंवा थिनर लावू नये, रबर फुगते. कडेवर एखादा चपटा भाग बोटाला लागत असेल, तर प्लेअरची कळ चालू स्थितीत राहून चाक वर्षानुवर्षे एकाच जागी दाबलेले राहिल्याची ती खूण आहे. अशा चाकाचा दर फेरीला ‘धब धब’ असा आवाज येतो आणि मग चाकच बदलावे लागते.

मोटरच्या दोन्ही टोकांना छिद्रमय काशाची बेअरिंगे असतात आणि ती तेल शोषून धरतात. त्यांतील तेल वाळले, की मोटर गरम होते आणि मंदावते. शिवणयंत्राचे स्वच्छ, पातळ खनिज तेल येथे चालते. खोबरेल तेल मात्र कधीही घालू नये. घरात हाताशी असते म्हणून पुष्कळांनी ते घातलेले मी पाहिले आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, त्यामुळे असा प्लेअर मे महिन्यात ठीक वाजतो आणि साताऱ्याच्या डिसेंबरात सकाळी रेंगाळतो, आणि मालक मोटर बदलायला निघतात.

आर्म अडकण्याचे कारण प्लॅटरखालच्या यंत्रणेत आहे. गॅरार्डच्या स्वयंचलित प्लेअरमधले त्या काळचे ग्रीस वाळून लाखेसारखे घट्ट होते आणि पातळ पत्र्याच्या ज्या पट्ट्या एकमेकींवरून सहज सरकायला हव्यात, त्या चिकटून बसतात. येथे जोर लावू नये. माझ्या पहिल्या गॅरार्डची एक तरफ मी ‘जरा ढिली करतो’ म्हणून पेचकसाने ढकलली, ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि पुढचे चार महिने मी तो दोन सेंटिमीटरचा तुकडा शोधत हिंडत होतो. अल्कोहोलचे थेंब सोडून अर्धा तास वाट पाहावी, कापसाच्या बोळ्याने जुने ग्रीस टिपून काढावे आणि हेच तीन-चार वेळा करावे. पट्टी बोटाच्या नखाने हलू लागली, की नवे पांढरे लिथियम ग्रीस अगदी नावापुरते लावावे. मोबाइलवर प्रत्येक पायरीचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण आत बऱ्याच स्प्रिंगा आहेत आणि त्या सगळ्या एकमेकींसारख्या दिसतात.

आत शिरलाच आहात, तर मोटरच्या स्विचवरचा लहान कपॅसिटरही बदलून घ्यावा. स्विच बंद करताना स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येऊ नये म्हणून तो लावलेला असतो, आणि पन्नास वर्षांनंतर तो गळू लागतो. बंद केल्यावरही मोटर गुणगुणत राहणे हे त्याचे लक्षण आहे. जुन्यावर लिहिलेल्या क्षमतेचाच, परंतु ‘एक्स २’ वर्गाचा कपॅसिटर मागावा, कारण हा वर्ग थेट विजेच्या लाइनवर वापरण्यासाठीच बनवलेला असतो. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो मिळेल. सोल्डरिंगचा हात नसेल, तर एवढे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

सगळे जोडून झाले, की वेग मोजावा. त्यासाठी कोणतेही उपकरण विकत घ्यायला नको. प्लॅटरच्या कडेला कागदाचा एक कपटा चिकटवावा, वर एखादी टाकाऊ रेकॉर्ड ठेवून सुई टेकवावी आणि घड्याळ लावून तीन मिनिटे फेरे मोजावेत. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने तीन मिनिटांत नेमके १०० फेरे होतात. ९७ भरले, तर गायकाची पट्टी हार्मोनियमच्या जवळजवळ अर्ध्या कळीने उतरलेली असते. स्ट्रोबोस्कोपची कागदी चकती (वेग बरोबर असला की दिव्याखाली जिच्या रेघा स्थिर दिसतात ती) वापरायची असल्यास ५० हर्ट्झसाठी १८० रेघांची हवी. हल्लीच्या अनेक एलईडी दिव्यांचा प्रकाश विजेच्या लयीत लुकलुकत नाही, त्यामुळे त्यांच्याखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत आणि चांगल्या प्लेअरवर उगाच संशय येतो.

आता सुई. आपल्या दहा हजारांतला मोठा वाटा येथेच जायला हवा. तेल, अल्कोहोल, ग्रीस आणि कपॅसिटर हे सारे काही शे रुपयांत उरकते. चिरक्या आवाजाचे कारण बहुधा झिजलेली सुई किंवा मेलेले कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते आणि जी तिच्या थरथरीची वीज करते ती डबी) हे आहे. झिजलेल्या सुईला धारदार कडा येतात आणि मग ती रेकॉर्ड वाजवत नाही, तर खरवडते. असे एक-एक वाजवणे म्हणजे काकांच्या संग्रहातली एक-एक रेकॉर्ड कायमची गमावणे आहे. म्हणून नवी सुई येईपर्यंत चांगल्या रेकॉर्डला हात लावू नये.

नवे कार्ट्रिज घेताना प्लेअरचा आर्म काय पेलू शकतो, हा एकच प्रश्न विचारावा. एसपी २५ चा आर्म साधा आहे, त्याच्या सांध्यांत थोडे घर्षण आहे आणि रेकॉर्डच्या शेवटी परतीची यंत्रणा चालू करण्याचे कामही त्यालाच करावे लागते. रेकॉर्डवर सुईच्या एक-सव्वा ग्रॅम भाराने चालणारे नाजूक, महाग कार्ट्रिज त्याला लावले, तर सुई खाचेत टिकणार नाही आणि दोष मात्र कार्ट्रिजला लागेल. ऑडिओ-टेक्निकाचे एटी ३६०० एल हे साध्या गोल टोकाचे, अडीच ते साडेतीन ग्रॅम भारावर चालणारे स्वस्त कार्ट्रिज या आर्मशी छान जुळते, आणि पुढे त्याची सुई तेवढी बदलता येते. याहून वरचे घेण्याचा आग्रह दुकानदाराने धरला, तरी या प्लेअरसाठी तो मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक खर्च मात्र लोक विसरतात. जुने कार्ट्रिज सिरॅमिक असेल, तर त्याचा आवाज ॲम्प्लिफायरच्या साध्या ‘ऑक्स’ जोडणीतूनही येत असे, कारण ते शेकडो मिलिव्होल्ट देते. एटी ३६०० एल सारखे चुंबकीय कार्ट्रिज जेमतेम काही मिलिव्होल्ट देते. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, तो वाजवताना उलटा करून घ्यावा लागतो. ही दोन्ही कामे फोनो प्रीॲम्प करतो. आपल्या ॲम्प्लिफायरवर ‘फोनो’ अशी जोडणी असल्यास प्रश्न मिटला; नसल्यास लहान प्रीॲम्प वेगळा घ्यावा. तो न घेता कार्ट्रिज जोडले, तर डबीत बंद केलेल्या डासासारखा आवाज येतो.

कार्ट्रिजच्या मागच्या चार पिनांना पांढरी, निळी, लाल आणि हिरवी अशा चार तारा जातात: पांढरी व निळी डाव्या बाजूच्या, लाल व हिरवी उजव्या बाजूच्या. क्लिपा पिनांवर सरकवाव्यात, पिनांना सोल्डर मुळीच लावू नये. त्या उष्णतेने आतली केसासारखी तार तुटते. नंतर मागचे वजन सरकवून आर्म हवेत आडवा तरंगेल असा तोलावा आणि भार ३ ग्रॅम ठेवावा. आर्मवरच्या आकड्यावर विसंबू नये. सोनाराकडे असतो तसला लहान डिजिटल काटा स्वस्तात मिळतो, त्यावर सुई टेकवून भार पाहावा. फक्त काट्याचे पान रेकॉर्डच्या उंचीला आणावे, नाहीतर वजन चुकते. शेवटी कार्ट्रिजची दिशा. प्रोट्रॅक्टरचा, म्हणजे ही दिशा जुळवण्यासाठीच्या रेघांचा, कागद छापताना तो पूर्ण मापात, म्हणजे १०० टक्क्यांवर छापावा आणि पट्टीने तपासावा. केंद्रापासून ६६ आणि सुमारे १२१ मिलिमीटरवरच्या दोन बिंदूंवर कार्ट्रिजच्या कडा कागदावरच्या रेघांशी समांतर आल्या, की झाले. येथे अर्धा तास गेला तरी चालेल. रेकॉर्डच्या आतल्या टोकाला ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येत असतील, तर बहुतेक वेळा हाच अर्धा तास कोणी तरी वाचवलेला असतो.

प्रश्न : मुलाने अमेरिकेतून पट्ट्यावर चालणारा जुना टर्नटेबल आणला. १२० व्होल्टचा असल्यामुळे आम्ही ट्रान्सफॉर्मर लावला. चालतो, पण सर्व गायक दमल्यासारखे गातात. ट्रान्सफॉर्मर खराब आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ट्रान्सफॉर्मर निर्दोष आहे. तो व्होल्ट बदलतो, विजेची वारंवारता बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे आणि आपली ५० ची. त्या काळच्या बहुतेक पट्टेवाल्या टर्नटेबलांतील मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते, म्हणून आपल्याकडे ती एक षष्ठांश मंद चालते. ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे होतात आणि पट्टी सुमारे तीन स्वरकळांनी खाली येते. काळी पाचमध्ये गाणारी गायिका आपल्याकडे पांढरी पाचला गात असणार. ‘दमल्यासारखे’ हा आपला शब्द त्यामुळे अगदी चपखल आहे.

उपाय मोटरच्या पुलीत आहे. अनेक कंपन्या ५० आणि ६० हर्ट्झसाठी वेगवेगळ्या पुल्या करत, तेव्हा आपल्या मॉडेलची ५० ची पुली मिळते का, हे आधी पाहावे. नाही मिळाली, तर आपण नाशिकला आहात ही मोठी सोय आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत चांगल्या लेथवर पितळी पुली कातून मिळेल. व्यास सहा पंचमांश पटीने वाढवायचा, मात्र हिशेब पट्ट्याच्या जाडीसह करायचा. समजा जुन्या पुलीचा व्यास १० मिलिमीटर आणि पट्टा ०.६ मिलिमीटर जाड आहे. १०.६ ला १.२ ने गुणून ०.६ वजा केले, की १२.१२ मिलिमीटर येतात. सरळ १२ मिलिमीटरची कातली, तर वेग जवळजवळ एक टक्का कमी राहतो. भोक अगदी मध्यावर हवे, हे कारागिराला दोनदा सांगावे. जरासे तिरके पडले तरी स्वर डुलतो. ट्रान्सफॉर्मर काढू नये, तो लागणारच आहे, आणि मोटर अर्ध्या तासात हाताला चटका देण्याइतकी तापत नाही ना, तेही पाहावे.

मोटर डीसी किंवा क्वार्ट्झ नियंत्रित, म्हणजे विजेच्या वारंवारतेशी न बांधलेली असती, तर यातले काहीच करावे लागले नसते. मुलगा पुन्हा काही आणणार असेल, तर त्याला हे आधी कळवावे.

प्रश्न : आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तीस-चाळीस रेकॉर्ड आहेत, बव्हंशी नाट्यसंगीत. घरी एचएमव्हीचा कॅलिप्सो आहे, पण त्यातून आवाजच येत नाही. नवीन टर्नटेबलवर ७८ चा वेग आहे, त्यावर वाजवू का? रेकॉर्डवर बुरशीचे ठिपकेही आहेत. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वेग असणे पुरेसे नाही, सुईही ७८ ची हवी. एलपीच्या, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या, स्टिरिओ सुईच्या टोकाची त्रिज्या इंचाचा सुमारे ०.७ हजारावा भाग असते, तर ७८ साठी ती सुमारे ३ हजारावे भाग लागते. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत टाकली, तर ती दोन्ही भिंतींना न टेकता तळाशी घरंगळते आणि तेथल्या धुळीवरून खडखडत जाते. गाणे ऐकू येते, पण दूरून आणि खरखरीमागून. उलट, ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली तर एलपीची खाच मरते. ग्रामोफोनची पोलादी सुई तर एलपीच्या जवळपासही आणू नये.

आपल्या टर्नटेबलवर ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेतले कार्ट्रिज असेल, तर त्याच मालिकेतली ७८ ची ‘एसपी’ सुई मूळ कार्ट्रिज न काढता बसते. ती सुमारे पाच ग्रॅम भारावर चालते, म्हणून दर वेळी सुई बदलली की भारही बदलावा. ॲम्प्लिफायरवर ‘मोनो’चे बटण असल्यास ७८ वाजवताना ते दाबावे. या रेकॉर्डची खाच आडवी हलते, उभी नाही. मोनो केल्यावर उभ्या हालचालीची खरखर बरीचशी गळून पडते. फरक इतका असतो, की पहिल्यांदा ऐकणारा दुसरीच रेकॉर्ड लावली का, असे विचारतो.

कॅलिप्सो मुका होण्याचे एक कारण आपल्या गावची हवा असू शकते. त्या काळच्या पुष्कळ लहान प्लेअरांत रोशेल क्षाराच्या स्फटिकाचे कार्ट्रिज असे, आणि हा क्षार दमट हवेत विरघळून निकामी होतो. कोकणातल्या पाच-सहा पावसाळ्यांपुढे तो टिकणे कठीणच. तसे असल्यास दुरुस्ती नाही. एका बाजूला एलपीची आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची सुई असलेले, बारीक कळ फिरवून बदलता येणारे सिरॅमिक कार्ट्रिज शोधावे.

बुरशीसाठी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. या रेकॉर्ड लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. वर सातारच्या वाचकांना सांगितलेला अल्कोहोलचा बोळा येथे एकदा जरी फिरवला, तरी खाच पुसली जाईल. बाटलीबंद डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवत पुसावे, मधले लेबल कोरडे राखावे, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसावे आणि लगेच टिपून उभ्या वाळवाव्यात. जुनी कागदी पाकिटे बुरशीची घरे असतात, ती बदलावीत. पाकिटांवर कोणाच्या हस्ताक्षरात काही लिहिलेले असेल, तर ती वेगळी जपून ठेवावीत. रेकॉर्डचे कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असू नये.

प्रश्न : टर्नटेबलचा पट्टा तुटला. मूळ मिळत नाही म्हणून सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून बसवली. छान चालते. अशीच ठेवली तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : युक्तीला दाद द्यायला हवी, परंतु ‘छान’ म्हणण्याआधी एक परीक्षा घ्यावी. एखाद्या संथ ख्यालाची रेकॉर्ड लावावी आणि गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त मागचा तंबोरा ऐकावा. कात्रीने कापलेली पट्टी कोठे दोन मिलिमीटर तर कोठे अडीच भरते, आणि दर फेरीला तंबोऱ्याचा षड्ज किंचित लवतो. ढोलकी-लेझीमच्या गाण्यात हे कळत नाही, तंबोरा लपवू देत नाही. पट्टा मॉडेलच्या नावाने मिळाला नाही, तरी मापाने मिळतो. ज्या मार्गाने पट्टा जातो त्या मार्गाने जाड दोरा फिरवून लांबी मोजावी, तीतून पाच ते आठ टक्के कमी करावेत आणि त्या अंतर्गत परिघाचा, सपाट, एकसारख्या जाडीचा पट्टा मागवावा. तो बसवण्याआधी पुली अल्कोहोलने पुसावी. ट्यूबवरची पांढरी पावडर तिला नक्की लागली असेल.

प्रश्न : नवे कार्ट्रिज बसवल्यापासून स्पीकरमधून सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. मित्राने तीन पिनी प्लगची अर्थिंगची तार काढून टाकण्यास सांगितले आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मित्राचा सल्ला मानू नये. प्लेअरचा सांगाडा धातूचा असतो आणि आत २३० व्होल्ट असतात; ती तार आपल्या जिवासाठी आहे. आवाजाचे कारण तीन ठिकाणी शोधावे. टर्नटेबलमधून निघणारी स्वतंत्र बारीक तार ॲम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला घट्ट लावली आहे का, ते पाहावे. कार्ट्रिजच्या चार क्लिपांपैकी निळी किंवा हिरवी सैल बसली आहे का, ते पाहावे. नवे कार्ट्रिज बसवल्यानंतर लगेच सुरू झालेल्या घुंगाटात मला बहुतेक वेळा हीच सैल क्लिप सापडली आहे. शेवटी आर्म हाताने आत-बाहेर नेऊन पाहावा. आवाज प्लॅटरच्या एका विशिष्ट जागी वाढत असेल, तर कार्ट्रिज मोटरचे किंवा शेजारच्या ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडत आहे, आणि ॲम्प्लिफायर अर्धा मीटर दूर सरकवला तरी काम भागते.